गाडीच्या पुढच्या काचेवरचा टवका घरी बुजवायचा असेल तर : अवजारं कोणती आणि कोणत्या क्रमाने

खडीचा डंपर पुढे दिसला की माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून सुटतो. ही सवय लागली आमच्या इंदूरच्या खंडवा रोडवर, सिमरोल ओलांडून भेरूघाट उतरताना. ओंकारेश्वरला निघालो होतो, मागच्या सीटवर आई आणि मावशी. टक् असा आवाज झाला आणि काचेवर मसुराच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. आई म्हणाली, "काही नाही रे, चल पुढे." मीही चाललो. चार दिवसांनी भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत बसलो, एसी फुल्ल केला, आणि त्या ठिपक्यातून निघालेली एक रेघ माझ्या डोळ्यांदेखत सरकत सरकत काठाला जाऊन भिडली. काच बदलावी लागली.

ती रेघ मला फार लागली. ठिपका होता तेव्हाच तासाभराचं काम होतं, हे नंतर कळलं म्हणून जास्तच. तेव्हापासून हे काम शिकलो, आणि आता सुदामा नगरात आमच्या गल्लीत कुणाच्या काचेचा टवका उडाला की निरोप येतो. नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो : हे काम काच चिकटवण्याचं नाही, काचेत शिरलेली हवा बाहेर काढण्याचं आहे. हवा नीट निघाली की रेझिन, म्हणजे फटीत भरायचा आणि नंतर कडक होणारा पारदर्शक द्रव, आपसूक जागा घेतं. किटमधलं जवळजवळ प्रत्येक अवजार त्या हवेसाठी आहे. एवढं डोक्यात बसलं की कोणतं अवजार कशाला, हे पाठ करावं लागत नाही.

आधी काच समजून घ्या

गाडीची पुढची काच एक नसते, दोन असतात. साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा, आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या हातून 1903 मध्ये एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या द्रवाचा थर तुकड्यांना धरून होता. लॅमिनेटेड काचेची कल्पना तिथून निघाली. दगड बसतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते. पडदा आणि आतली काच शाबूत राहतात. दुरुस्ती शक्य होते ती यामुळेच.

बाजूच्या आणि बहुतेक गाड्यांच्या मागच्या काचा वेगळ्या, टफन्ड असतात. त्या फुटल्या की साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो. तिथे दुरुस्ती नाही, बदलणंच.

टवका पांढरा किंवा चंदेरी का दिसतो? काचेच्या फटीत हवा असते आणि प्रकाश त्या हवेच्या पापुद्र्यावरून परततो. चांगल्या रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच वळतो. हवेची जागा रेझिनने घेतली की डोळ्याला फट दिसेनाशी होते. ती कुठे जात नाही, फक्त भरली जाते. म्हणून टवक्याच्या जागी बारीकसा डाग थोडाफार राहतोच. "अगदी नव्यासारखी करून देतो" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

हात लावायचा की नाही

हा निर्णय अवजारांच्या आधी. माझी मोजपट्टी म्हणजे दहाचं नाणं, 27 मिलिमीटरचं. टवका पाकळ्यांसकट, म्हणजे खड्ड्यातून फुटलेल्या रेघांसकट, नाण्याखाली पूर्ण झाकला गेला तर नवख्याने हात घालायला हरकत नाही. व्यावसायिक लोक याहून मोठे तारे आणि लांब तडेही भरतात, पण त्यांचा हात बसलेला असतो.

आकार ओळखायला शिका. मधोमध खड्डा आणि भोवती गोल काळसर चकती, तो बुल्स आय. शिकायला सगळ्यात सोपा. अर्धीच चकती असेल तर अर्धचंद्र. खड्ड्यातून कोळ्याच्या पायांसारख्या रेघा फुटल्या असतील तर तारा, आणि हा खोडकर, कारण रेघांची टोकं इतकी बारीक असतात की हवा तिथे दडून बसते. चकतीही आहे आणि रेघाही आहेत, असा मिश्र टवका पहिल्या प्रयत्नाला घेऊ नका.

काठापासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतल्या तड्याला हात लावू नका. काठाजवळ काच आधीच ताणाखाली असते. आतल्या बाजूने नख फिरवून पाहा. नख अडलं तर आतली काचही गेली आहे. आणि ड्रायव्हरच्या अगदी नजरेसमोर टवका असेल तर जाणकाराकडे जा. तिथला उरलेला डाग रात्री समोरच्या हेडलाइटमध्ये चमकतो. आरशामागे कॅमेरा असलेल्या नव्या गाड्यांत त्या कॅमेऱ्यासमोरचा भागही तसाच नाजूक समजा.

टवका उडाल्याबरोबर

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, खड्डा कोरड्या कापडाने टिपा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. बस. माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये ती पट्टी कायम असते. धूळ आणि पाणी एकदा रेघांत गेलं की ते पूर्ण निघत नाही, आणि रेझिन भरल्यावर तिथे करडी छटा राहते. काच धुण्याचा पाण्याचा फवारा तर मुळीच सोडू नका, त्यातला साबण आत शिरतो. टूथपेस्ट, नेलपॉलिश, फेविक्विक यांनी भरायला जाल तर तोंड बंद होतं आणि आतली हवा तिथेच कोंडली जाते. मग खऱ्या रेझिनला वाटच राहत नाही. हे करून आलेल्या गाड्या मी परत पाठवतो आणि वाईट वाटतं, कारण माणसाने बिचाऱ्याने काळजीपोटीच ते केलेलं असतं.

काच गरम असताना एसीचा झोत काचेवर मारू नका. माझी रेघ तशीच पळाली.

अवजारं

ऑनलाइन काहीशे रुपयांना सिरिंजवालं किट मिळतं : चिकट गोल पट्टी, प्लास्टिकचं बूड, सिरिंज, रेझिनची छोटी बाटली, पारदर्शक फिल्मचे तुकडे, एक ब्लेड. साध्या बुल्स आयला ते पुरतं. दोन-चार गाड्या करायच्या असतील तर धातूचा ब्रिज असलेलं किट घ्या. ते काही हजारांत जातं, पण वर्षानुवर्षं टिकतं.

ब्रिज म्हणजे रबरी सक्शनच्या पायांवर काचेला घट्ट धरून बसणारी तिवई. तिच्या मध्यातून इंजेक्टर खाली येतो. इंजेक्टर म्हणजे पोकळ नळी, आत पिस्टन, टोकाला रबरी सील. पिस्टन वर घेतला की खाली पोकळी तयार होते आणि टवक्यातली हवा वर ओढली जाते. खाली फिरवला की रेझिन दाबाने आत ढकललं जातं. सगळं काम याच वर-खालीच्या खेळात आहे. म्हणून किट विकत घेताना मी बाकी काही न बघता आधी इंजेक्टरचं रबरी सील बघतो. सील कडक किंवा चिरलेलं असेल तर पोकळी धरत नाही, आणि मग कितीही महागडं रेझिन वाया.

रेझिन दोन प्रकारचं लागतं. टवक्याच्या आत जायला पातळ, आणि वरचा खड्डा भरायला मधासारखं दाट. दोन्ही अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात कडक होतात, म्हणून बाटल्या काळ्या किंवा गडद तपकिरी असतात. मुदत संपलेली बाटली घेऊ नका आणि उघडी टाकून ठेवू नका.

यूव्ही दिवा 365 नॅनोमीटरच्या आसपासचा हवा. नुसता जांभळा उजेड देणारा स्वस्त टॉर्च या कामाचा असेलच असं नाही, वेष्टनावरचा आकडा वाचा. ऊनही चालतं, पण उन्हाला बटण नसतं. एक गोष्ट बरेच जण विसरतात : मधला पीव्हीबी पडदा अल्ट्राव्हायोलेट अडवतो. दिवा गाडीच्या आत बसून लावलात तर रेझिन ओलंच राहणार. दिवा नेहमी बाहेरून.

बाकीचं सामान किरकोळ, पण नसेल तर काम अडतं. सुईसारखं टोकदार दाभण, काचेचे सुटे कण उचकटायला. छोटा आरसा, आत बसवला की बाहेरून खालची बाजू दिसते. काळं कापड, जे आतून टवक्यामागे धरलं की बारीक रेघाही उठून दिसतात. एकधारी ब्लेड, मायक्रोफायबरचं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल. दाभण, ब्लेड, हातमोजे मी सियागंजातून आणतो. अल्कोहोल एमवाय हॉस्पिटलजवळच्या दवा बाजारातून. नायट्राइलचे मोजे आणि चष्मा घालाच. न सुकलेलं रेझिन कातडीला सारखं लागलं की ॲलर्जी होऊ शकते.

मोठ्या किटमध्ये बारीक ड्रिलही येतं, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या गोल बिटचं. रेघांपर्यंत वाट नसेल तेव्हा जाणकार त्याने बाहेरच्या काचेत जराशी वाट करतात. बिट पडद्यापर्यंत गेलं तर काच बाद. पहिल्या दहा-पंधरा दुरुस्त्यांत ते डबीतच राहू द्या.

आता काम

जागा आणि वेळ. काच हाताला ना गरम ना गार लागली पाहिजे. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा मी सकाळी सहाला सुरू करतो, नाहीतर पोर्चच्या सावलीत रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर. गरम काचेत रेझिन फार पातळ होऊन पळतं आणि दाबाने तडाही पुढे जाऊ शकतो. डिसेंबरच्या थंडीत उलटं : रेझिन आळसावतं, बारीक टोकांपर्यंत जात नाही. काम सावलीतच करायचं, नाहीतर रेझिन आत पोचायच्या आधीच कडक होईल.

सफाई. चिकटपट्टी काढा, भोवतीची काच अल्कोहोलने पुसा, पण खड्ड्यात ओतू नका. दाभणाने खड्ड्याच्या तोंडातला काचेचा भुगा हलक्या हाताने मोकळा करा. पेरूतल्या बिया सुरीच्या टोकाने काढतो ना, तेवढाच जोर. खरवडायचं नाही.

वाळवणं. पावसाळ्यात हीच पायरी सगळ्यात मोठी. खड्ड्याशेजारी अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. आत पाणी असेल तर काळसर डाग सरकताना दिसतो. गाडी आडोशाला कोरड्या जागी लावा आणि आतल्या बाजूने हेअर ड्रायर कमी गरमाईवर, वीतभर लांबून, फिरता ठेवा. नंतर काच पुन्हा सामान्य होईपर्यंत थांबा. लायटरची ज्योत धरणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका, एका ठिकाणी तापलेली काच तडकते.

बसवणं. ब्रिजचे पाय लावा, इंजेक्टरचं सील खड्ड्याच्या बरोबर मध्यावर आणा. आरशात खालून बघत जुळवा. सील काचेवर टेकलं, किंचित दबलं, की थांबायचं. इथे मी पहिल्या वर्षी चूक केली होती. गळू नये म्हणून सील आवळत गेलो आणि ताऱ्याची एक पाकळी माझ्यासमोर दोन बोटं वाढली. ब्रिज काचेला धरून ठेवण्यासाठी आहे, दाबण्यासाठी नाही.

भरणं. पातळ रेझिनचे तीन-चार थेंब नळीत टाका. पिस्टन बसवून हळूहळू खाली फिरवा आणि पाच मिनिटं दाब ठेवा. आता पिस्टन वर घ्या, पोकळी करा. इथे आरशात जे दिसतं ते बघायला मला अजूनही आवडतं : चंदेरी चकतीच्या कडेने एक काळी रेष आत सरकायला लागते, आणि रेष जिथून गेली तिथे काच एकदम स्वच्छ, जणू कधी काही झालंच नव्हतं. मध्ये बारीक बुडबुडे वर येतात, सोड्याच्या ग्लासात यावेत तसे. तीच ती हवा. पोकळी दोन-तीन मिनिटं ठेवा, मग क्षणभर मोकळं सोडून बुडबुडे निघू द्या, परत दाब. चक्र तीन-चार वेळा करा. सिरिंजच्या किटमध्येही हेच, फक्त दांडा वर ओढून अडकवायचा आणि नंतर खाली दाबून अडकवायचा.

ताऱ्याची एखादी पाकळी टोकाशी चंदेरी राहिली तर घाई करू नका. त्या टोकाच्या मागे, आतल्या बाजूने, बोटाने हलका दाब देऊन सोडा. फट किंचित उघडमीट करते आणि रेझिन पुढे सरकतं. तरी नाही गेलं तर दाबाखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवून चहा पिऊन या. बहुतेक वेळा परत आल्यावर ते गेलेलं असतं. या टप्प्यावर कंटाळून दिवा लावला की हवा कायमची आत कोंडली जाते, आणि कडक झालेलं रेझिन परत काढता येत नाही. काळं कापड मागे धरून प्रत्येक पाकळी टोकापर्यंत तपासा, मगच पुढे जा.

वरचा खड्डा. इंजेक्टर काढा, लगेच दाट रेझिनचा एक थेंब खड्ड्यावर टाका आणि वरून फिल्मचा तुकडा एका कडेने टेकवत आडवा झोपवा. हवा एका बाजूने बाहेर पडते. बटाट्याच्या पापडावर प्लास्टिक घालताना सुरकुती पडू देत नाही, तसंच.

पक्कं करणं. यूव्ही दिवा बाहेरून, फिल्मच्या जवळ. किटवर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्याहून कमी नाही, दोन जास्त चालतील. ऊन वापरायचं तर आता गाडी सावलीतून बाहेर काढा.

तासणं. फिल्म काढा. वर थोडा उंचवटा राहिलेला असतो. ब्लेड काचेला काटकोनात उभं धरून हलके हलके ओढा. तिरपं धरलं तर खड्ड्यातलं रेझिन उचकटतं. चुरा पांढऱ्या भुकटीसारखा पडत असेल तर रेझिन नीट पक्कं झालं. चिकट गोळे होत असतील तर थांबा, दिवा पुन्हा लावा. बोटाला काच आणि खड्डा एकसारखे लागले की किटमधल्या पॉलिशचा एक थेंब आणि मऊ कापड.

वापरलेलं ब्लेड, काचेचे कण आणि रेझिनचे चिंधे कागदात गुंडाळून आपल्या कचरागाडीतल्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात एवढं आपण करायलाच हवं. ओल्या कचऱ्यात ब्लेड गेलं तर ते वेगळं करणाऱ्याचा हात कापतो.

दुरुस्ती की नवी काच

दुकानात बहुतेक वेळा "भिया, बदलवा ही लो" असंच ऐकायला मिळतं. मोठ्या तड्याला ते बरोबरही असतं. पण नाण्याएवढ्या टवक्यासाठी काच काढणं मला पटत नाही. कारखान्यात बसवलेली काच गाडीच्या सांगाड्याचा भाग असते. छताला बळ देते, आणि बऱ्याच गाड्यांत बाजूच्या सीटसमोरची एअरबॅग उघडताना तिलाच टेकते. तो मूळ सांधा एकदा कापला की पुढचा सांधा बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून. शिवाय काचेवरचा फास्टॅग काढताना फाटला की निकामी, आणि तो पुन्हा घ्यायची धावपळ आलीच.

विमा असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत. मात्र दावा केला की नो क्लेम बोनसला, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला, धक्का बसू शकतो, आणि तो 20 टक्क्यांपासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असेल तर हिशेब मांडूनच ठरवा. काही पॉलिसींत नुसती दुरुस्ती दाव्यात धरत नाहीत; एजंटला नेमकं तेवढंच विचारा.

काच बदलावीच लागली तर नव्या काचेच्या कोपऱ्यातली छापील खूण वाचा. आयएसआय चिन्ह आणि आयएस 2553 हा मानक क्रमांक दिसला पाहिजे. बसवल्यावर चिकटद्रव्य पक्कं व्हायला जितके तास सांगितले असतील तितके गाडी जागेवर ठेवा.

पहिल्या गाडीआधी

शक्य असेल तर काचेच्या दुकानातून बदलून काढलेली जुनी पुढची काच मागून आणा. मी अशीच एक आणली होती आणि अंगणात दोन विटांवर आडवी ठेवली. तिच्यावर टोकदार पंचने हलकेच टोला मारला की टवका तयार होतो. चष्मा घालून, मुलांना लांब ठेवून. त्या एका काचेवर मी अठरा टवके भरले. पहिल्या सहांत हवा राहिली, सातव्यात पहिल्यांदा चकती पूर्ण नाहीशी झाली, आणि ताऱ्याच्या पाकळ्या जमायला बारावा उजाडला.

दुरुस्त केलेली काच पहिला दिवस धुऊ नका, वायपरही शक्यतो नको. महिनाभराने एकदा काळं कापड मागे धरून पाकळ्यांची टोकं बघा. रेघ जिथे होती तिथेच असेल तर काम झालं. सरकली असेल तर स्केच पेनने आतून टोकावर खूण करा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. खुणेच्या पुढे गेली असेल तर काच बदलायची वेळ आली आहे.